कोच बदलला की कॉलेज फुटबॉल संघात नेमकं काय काय हलतं?

१० जानेवारी २०२४ च्या बुधवारी अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे हेड कोच निक सेबन यांनी निवृत्ती जाहीर केली. वय ७२, अलाबामात १७ हंगाम, सहा राष्ट्रीय विजेतेपदं. शुक्रवारी त्यांच्या जागी वॉशिंग्टन विद्यापीठाचे केलन डिबोर यांची नेमणूक झाली. डिबोर यांचा संघ त्याच आठवड्याच्या सोमवारी राष्ट्रीय अंतिम सामना हरला होता. खेळाडूंचे ठणकणारे खांदे अजून शेकून व्हायचे होते, तोवर कोच निघूनही गेले. रिकामी जागा भरायला वॉशिंग्टनने ॲरिझोनाचे जेड फिश आणले, ॲरिझोनाने सॅन होजे स्टेटचे ब्रेंट ब्रेनन, आणि सॅन होजे स्टेटने केन नियुमातालोलो. शिवाय डिबोर यांनी अलाबामात बचावाची फळी सांभाळायला जे दोघे आणले, ते केन वॉमॅक आणि मॉरिस लिंग्विस्ट, आपापल्या विद्यापीठांत स्वतः हेड कोच होते. साउथ अलाबामा आणि बफेलो इथल्या खुर्च्याही अशा रिकाम्या झाल्या. एका माणसाच्या निवृत्तीने सहा विद्यापीठांचे हेड कोच बदलले.

एवढी उलथापालथ कशासाठी, हे कळायला या खेळाची व्यवस्था थोडी माहीत हवी. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट आणि खांद्याचे पॅड घालून, लांबट चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकन फुटबॉल. विद्यापीठांचे संघ तो ऑगस्टअखेरीपासून दर शनिवारी खेळतात. नियमित हंगाम जेमतेम १२ सामन्यांचा असतो. अलाबामाच्या ब्रायंट-डेनी स्टेडियममध्ये एक लाख माणसं बसतात, आणि ते ज्या गावात आहे त्या टस्कलूसाची लोकसंख्याही साधारण तेवढीच. ब्लूमिंग्टन, ॲन आर्बर, कॉलेज स्टेशन अशा गावांत मुलं शिकायला असलेल्या मराठी घरांना शनिवारचा तो माहोल आता चांगलाच परिचयाचा झालाय. फक्त अमुक कोचला काढलं, तमुक खेळाडू पोर्टलमध्ये गेला, ही बातमी आली की पुढचं काही लागत नाही.

आपल्याकडे कोच म्हटलं की डोळ्यासमोर येतात चंद्रकांत पंडित. मुंबईला, मग विदर्भाला सलग दोनदा, मग मध्य प्रदेशाला त्यांनी रणजी जिंकून दिली. पण पंडितांच्या हाती खेळाडू देतात ते संघटनेचे निवडकर्ते. पंडित सोडून गेले म्हणून विदर्भाचे गोलंदाज त्यांच्यामागे भोपाळला जात नाहीत. कॉलेज फुटबॉलचा हेड कोच स्वतःच निवडकर्ता असतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी जाऊन, त्याच्या आईशी आणि आजीशी बोलून, तुमचा मुलगा आमच्याकडे पाठवा, मी लक्ष देईन, असा शब्द तोच देतो. दहा-बारा सहायक कोच, व्यायाम आणि ताकद वाढवणारा प्रशिक्षक, मुलं हेरणारी माणसं, सगळ्यांची नेमणूक त्याच्या मर्जीने होते. मुलाने विद्यापीठाच्या कागदावर सही केलेली असते खरी, पण मनातून तो त्या माणसासाठी आलेला असतो.

म्हणून कोच बदलल्याचा परिणाम मैदानावर सगळ्यात शेवटी दिसतो. पहिला धक्का बसतो तो खेळाडूंच्या यादीला. पूर्वी हा धक्का सोसण्याजोगा होता, कारण दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या मुलाला तिथे एक वर्ष बाहेर बसावं लागे. कोच आवडो न आवडो, मुलं थांबत. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं. ही एक नोंदवही आहे. तिच्यात नाव घातलं की इतर विद्यापीठं त्या खेळाडूशी थेट बोलू शकतात. २०२१ मध्ये एकदा संघ बदलल्यास बाहेर बसायची अट गेली, २०२४ मध्ये अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा बदला, असं झालं. त्यात २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले, आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठंच आपल्या उत्पन्नातून सगळ्या खेळांतल्या खेळाडूंना मिळून वर्षाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटू शकतात. या रकमेचा मोठा वाटा अर्थातच फुटबॉलकडे जातो. थोडक्यात, दार उघडं आहे आणि दाराबाहेर कोणीतरी पाकीट घेऊन उभं आहे.

हेड कोच गेला की हे दार आणखी थोडं उघडायचं. सेबन गेले तेव्हाच्या नियमाने अलाबामाच्या खेळाडूंना नेहमीच्या मुदतीव्यतिरिक्त ३० दिवस मिळाले. त्या ३० दिवसांत पहिल्याच वर्षी देशभर नाव झालेला बचावपटू केलेब डाउन्स ओहायो स्टेटला गेला. नुकताच दाखल झालेला तरुण क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची चाल हाताळणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, ज्युलियन सेयिनही तिकडेच गेला. पुढच्याच हंगामात ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेते झाले आणि डाउन्स त्या संघात होता. २०२५ मध्ये सेयिन त्यांचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक झाला. पासेस झेलणारा आयझाया बाँड टेक्ससला गेला. धिप्पाड लाइनमन केडिन प्रॉक्टर आयोवाला जाऊन मार्चमध्ये परत अलाबामालाच आला, ही त्यातली गंमत. शाळेत शिकणाऱ्या रायन विल्यम्सने अलाबामाला आधी दिलेला शब्द मागे घेतला आणि काही दिवसांत पुन्हा दिला. नव्या कोचचे पहिले काही आठवडे डावपेच आखण्यात जात नाहीत. फोन, विमानप्रवास आणि समजूत काढणं, यातच ते संपतात.

हे सगळं फार होतंय असं विद्यापीठांनाही वाटू लागलं. २०२५ च्या शरद ऋतूत नियम बदलला: आता मुदत १५ दिवसांची, आणि ती नव्या कोचचं नाव जाहीर झाल्यानंतर पाच दिवसांनी सुरू होते. माझ्या मते हा बदल शहाणपणाचा आहे. कोण येणार हे कळायच्या आत मुलांनी घाबरून बॅगा भरायच्या, हा आधीचा प्रकार कोणाच्याच भल्याचा नव्हता.

दुसरी गोष्ट डावपेचांची. या खेळात प्रत्येक चाल आधी आखलेली असते. प्रत्येक चालीला नाव, खुणा आणि ११ जणांची ठरलेली पावलं असतात. नवा कोच आला की हे सगळं पुस्तकच बदलतं. डिबोर यांचा नावलौकिक पासिंगचा होता. वॉशिंग्टनमध्ये मायकेल पेनिक्स नावाचा क्वार्टरबॅक जागेवर उभा राहून लांब, अचूक चेंडू फेकायचा. अलाबामात त्यांना मिळाला जेलन मिल्रो: विजेच्या वेगाने पळणारा, लांब फेकणारा, पण घाईघाईच्या छोट्या पासेसमध्ये तितका न रमणारा. सेबन यांच्या शेवटच्या हंगामात मिल्रोच्या पासवर २३ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचवणं) झाले होते आणि प्रतिस्पर्ध्यांनी त्याचे सहा पास पकडले होते. २०२४ मध्ये टचडाउन १६ वर आले, पकडले गेलेले पास ११ वर गेले. त्याच हंगामात त्याने स्वतः धावत २० टचडाउन केले, म्हणजे मुलाच्या अंगचे गुण आटले नव्हते. मुलगा एका साच्याचा होता, पुस्तक दुसऱ्या साच्याचं, आणि हंगामभर दोघं एकमेकांशी जुळवून घेत राहिले. त्यातच डिबोर यांचे भरवशाचे आक्रमणाचे कोऑर्डिनेटर रायन ग्रब अलाबामात आले न आले तोच सिॲटलच्या व्यावसायिक संघाकडे गेले. पुस्तक लिहिणाऱ्यांपैकी एक जण पहिल्याच प्रकरणात निघून गेला. २०२५ साठी ग्रब परतले.

निकाल कसा लागला? २८ सप्टेंबर २०२४ ला अलाबामाने जॉर्जियाला ४१-३४ असं हरवलं. तो निर्णायक ७५ यार्डांचा टचडाउन मिल्रो आणि १७ वर्षांच्या रायन विल्यम्सने मिळून केला, तोच शब्द मागे घेऊन परत दिलेला मुलगा. वाटलं, सेबन गेले तरी काही बिघडलं नाही. पुढच्याच शनिवारी व्हँडरबिल्टने अलाबामाला ४०-३५ असं हरवलं. व्हँडरबिल्टने अलाबामाला हरवण्याची ही १९८४ नंतरची पहिली वेळ. नॅशव्हिलच्या पोरांनी गोलपोस्ट उपटून गावभर मिरवत नेले आणि कंबरलँड नदीत बुडवले. हंगाम ९ विजय, ४ पराभव असा संपला. २००८ पासून एकाही हंगामात दहापेक्षा कमी विजय न पाहिलेल्या गावाला हे दिवाळखोरीसारखं वाटलं. बहुतेक विद्यापीठं नऊ विजयांवर मिरवणूक काढतील, पण कोचचं माप त्याच्या आधीच्या माणसाच्या सावलीने घेतलं जातं.

साखळीतल्या इतरांचं काय झालं? वॉशिंग्टन १४-१ (विजय-पराभव) वरून ६-७ वर आलं, ॲरिझोना १०-३ वरून ४-८ वर. आकडे बघून सगळा दोष कोच बदलावर टाकायचा मोह होतो. पण वॉशिंग्टनचा पेनिक्स आणि बरेचसे मुरलेले खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये जाणारच होते, डिबोर थांबले असते तरी. शिवाय त्याच वर्षी संघ बिग टेन या अधिक खडतर गटात गेला. ॲरिझोनाची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. तिथे क्वार्टरबॅक नोआ फिफिटा आणि झेल घेणारा टेटाइरोआ मॅकमिलन हे दोघेही बडे खेळाडू जुना कोच गेल्यावरही थांबले, आणि तरी संघ घसरला. दोन तारे राखले की संघ राखला, असं होत नाही. दुसऱ्या फळीतले, नावं कोणाला माहीत नसलेले वीस-पंचवीस जण कोण होते आणि त्यातले किती राहिले, यावर बरंच काही ठरतं.

आता याच नियमांची उलटी बाजू. इंडियाना विद्यापीठ बास्केटबॉलसाठी प्रसिद्ध. फुटबॉलमध्ये सर्वाधिक पराभवांच्या यादीत ते अगदी वरच्या जागांवर होते. २०२३ ला ३-९ असा हंगाम झाल्यावर त्यांनी कोच टॉम ॲलन यांना काढलं आणि व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन या तुलनेने लहान विद्यापीठातून कर्ट सिग्नेटी यांना आणलं. खेळाडूंना इथे यायला कसं पटवता, असं कोणीतरी विचारल्यावर ते म्हणाले होते की सोपं आहे, मी जिंकतो, गूगल करून बघा. लोक हसले. सिग्नेटी येताना आक्रमण आणि बचाव दोन्हीचे कोऑर्डिनेटर, माइक शॅनहन आणि ब्रायंट हेन्स, सोबत घेऊन आले आणि मागोमाग जेम्स मॅडिसनचे १३ खेळाडूही आले. क्वार्टरबॅक कर्टिस रूर्क त्यांनी पोर्टलमधून मिळवला. २०२४ ला इंडियानाने ११ सामने जिंकून प्लेऑफ, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदासाठीची बाद फेरी, गाठलं. २०२५ ला कॅलिफोर्नियाहून आलेला क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी जिंकला, आणि जानेवारी २०२६ मध्ये मायामीला २७-२१ असं हरवून इंडियाना एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेते झाले.

यात सिग्नेटींचं कर्तृत्व आहेच; पण त्यांनी कोरी पाटी घेऊन सुरुवात केली नव्हती, हे विसरता कामा नये. डावपेच तेच, सहायक तेच, ते डावपेच आधीच पाठ असलेले १३ जण मैदानात. नव्या कोचच्या पहिल्या वर्षातला सगळ्यात मोठा खर्च म्हणजे शिकण्याचा वेळ, आणि तो त्यांनी जवळजवळ वाचवला. जरा नशीबही होतं: २०२४ ला बिग टेनने विभाग मोडले, त्यामुळे ओहायो स्टेट, मिशिगन आणि पेन स्टेट या तिघांशी दरवर्षी भिडायची इंडियानाची जुनी सक्ती संपली. पहिल्या वर्षीचं वेळापत्रक मऊ आहे अशी टीका झाली ती अगदीच खोटी नव्हती. दुसऱ्या वर्षी मात्र टीकाकारांना बोलायला जागा उरली नाही. ‘रोझ बोल’ या प्लेऑफच्या सामन्यात त्यांनी डिबोर यांच्या अलाबामाला ३८-३ असं हरवलं. सिग्नेटी हे २००७ ते २०१० सेबन यांच्याच हाताखाली अलाबामात सहायक होते, हे त्या दिवशी टस्कलूसात किती जणांना आठवलं असेल कोण जाणे.

आणि ज्यांचे १३ खेळाडू गेले त्या जेम्स मॅडिसनचं? ते बुडाले नाहीत. नवे कोच बॉब चेसनी यांच्या हाताखाली २०२४ ला नऊ सामने जिंकले, २०२५ ला थेट प्लेऑफमध्ये पोहोचले. मग चेसनीही लॉस एंजेलिसच्या यूसीएलएने नेले. चांगले कोच शोधायची सवय लागलेली विद्यापीठं अशी असतात. त्यांचा कोच दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी उचलतोच, आणि पुढच्या नावाची यादी त्यांच्या क्रीडा संचालकाच्या खणात तयार असते.

सोबत आणलेल्या माणसांवर उभा केलेला डोलारा त्यांच्याबरोबरच जातो, हे कोलोराडोत दिसलं. डिऑन सँडर्स २०२३ साठी आले, पहिल्याच बैठकीत जुन्या खेळाडूंना पोर्टलचा रस्ता दाखवला, पन्नासहून अधिक जण गेले. १-११ वरचा संघ ४-८, मग ९-४ झाला. सँडर्स यांचा मुलगा शेडूर आणि त्यांच्याबरोबर आलेला ट्रॅव्हिस हंटर व्यावसायिक फुटबॉलला गेल्यावर २०२५ ला संघ पुन्हा ३-९ वर.

तारखांचं गणितही सांगायला हवं, कारण पुष्कळ घोळ तिथेच होतो. शाळकरी मुलांनी विद्यापीठाशी करार करायचा मुख्य दिवस आता डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी असतो. नवा कोच त्याआधी हवा, म्हणून जुन्याला ऑक्टोबरातच काढायची घाई. २०२५ च्या ऑक्टोबरात पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिन यांना, फ्लोरिडाने बिली नेपियर यांना, लुइझियाना स्टेटने (एलएसयू) ब्रायन केली यांना हंगाम अर्ध्यावर असताना घालवलं. पेन स्टेटने लवकर काढलं खरं, पण नवा कोच ठरवायला उशीर केला. मधल्या काळात फ्रँकलिन व्हर्जिनिया टेकला रुजू झाले आणि पेन स्टेटला शब्द दिलेली बरीच मुलं त्यांच्याकडे वळली. डिसेंबरातल्या त्या बुधवारी पेन स्टेटशी करार करणारे शाळकरी खेळाडू होते फक्त दोन. मग मॅट कँपबेल आले, आणि त्यांच्यामागे आयोवा स्टेटमधून खेळाडूंची रांग लागली. म्हणजे आयोवा स्टेटला पडलेल्या खड्ड्यातून पेन स्टेटचा खड्डा भरला.

पैशाबद्दल थोडक्यात. मुदतीआधी कोचला काढलं तर कराराची उरलेली रक्कम द्यावी लागते, तिला बायआऊट म्हणतात. टेक्सस ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना काढलं तेव्हा हा आकडा साडेसात कोटी डॉलरच्या वर गेला. रुपयांत सहाशे कोटींहून जास्त, तेही काम न करण्यासाठी. बरेचदा यातला मोठा हिस्सा श्रीमंत माजी विद्यार्थी देणगी म्हणून उचलतात. आता खेळाडूंनाही पैसे द्यावे लागत असल्याने त्याच देणगीदारांच्या खिशाला दोन्हीकडून ओढ बसते.

एवढं करून कोच बदलल्याने संघ सुधारतात का? तीन अमेरिकन राज्यशास्त्रज्ञांनी १९९७ ते २०१० या काळातले संघ तपासून २०१३ मध्ये एक अभ्यास छापला. कोच बदललेले आणि तितकीच वाईट कामगिरी होऊनही न बदललेले, अशा संघांची त्यांनी तुलना केली. अगदी तळाच्या संघांना बदलाने जवळजवळ काही फरक पडला नाही. मधल्या दर्जाच्या संघांची कामगिरी पुढच्या काही वर्षांत उलट खालावली. तळाचा संघ नव्या कोचबरोबर सुधारलेला दिसतो तेव्हा तो कित्येकदा जुन्याबरोबरही तितकाच सुधारला असता. इतक्या वाईट वर्षानंतर वर यायलाच जागा असते. हा अभ्यास पोर्टलच्या आधीचा आहे. आज एका हिवाळ्यात अर्धा संघ बदलता येतो, त्यामुळे इंडियानासारखी झेप तेव्हापेक्षा शक्य आहे आणि वॉशिंग्टनसारखी घसरणही. मधल्या संघांसाठीचा इशारा मात्र मला अजूनही खरा वाटतो. सात-आठ विजयांवर असलेला संघ अधीर होऊन कोच काढतो, तेव्हा खेळाडू जाण्याची भीती तळाच्या संघापेक्षा त्यालाच जास्त, कारण त्याच्याकडे इतरांना हवे असलेले खेळाडू असतात.

सगळ्यात अलीकडचं आणि कोड्यात टाकणारं उदाहरण मिसिसिपीचं, म्हणजे ओल मिसचं. ३० नोव्हेंबर २०२५ ला ११-१ असा संघ प्लेऑफच्या उंबरठ्यावर असताना लेन किफिन प्रतिस्पर्धी एलएसयूला निघून गेले. प्लेऑफपर्यंत थांबून कोचिंग करू द्या, ही त्यांची मागणी विद्यापीठाने नाकारली आणि बचावाचे कोऑर्डिनेटर पीट गोल्डिंग यांना हेड कोच केलं, तेही हंगामी म्हणून न ठेवता कायमचं. वरचा सगळा हिशोब धरला तर संघ कोसळायला हवा होता. त्यांनी टुलेनला ४१-१० असं हरवलं, जॉर्जियाला ३९-३४ असं हरवलं आणि उपांत्य फेरीत मायामीकडून अवघ्या चार गुणांनी हरले. खेळाडू तेच होते, डावपेचांचं पुस्तक तेच होतं, आणि खुर्चीत बसलेला माणूस मुलांच्या रोजच्या ओळखीचा होता. हंगाम संपल्यावर, पोर्टलमधून अर्धा संघ नव्याने बांधायची वेळ आली की गोल्डिंग यांची खरी परीक्षा सुरू होते.